आधी शिवण, मग रंग: यंत्रावर बनलेल्या जुन्या काचेच्या गोट्या कशा ओळखाव्यात

गोटी हातात आली की डोळा आधी रंगावर जातो, आणि ओळख चुकायला तिथूनच सुरुवात होते. लाल-पांढरी गोटी अमेरिकेतल्या निदान सहा-सात कारखान्यांनी बनवली. पिवळी-काळी गोटी पेल्टियर या कारखान्याचीही असते आणि मार्बल किंग या कारखान्याचीही, आणि त्या दोघींत वीस-पंचवीस वर्षांचं अंतर असू शकतं. रंगाच्या काचा कारखाने एकमेकांकडून घेत, भंगार काच वितळवून वापरत. काचेचा लोळा कुठे तोडला, तो कसा दुमडला आणि रुळांवर कसा फिरला, याच्या खुणा मात्र त्या त्या कारखान्याच्या यंत्राच्या असतात, आणि त्या सहजी पुसल्या जात नाहीत. म्हणून क्रम असा ठेवा: घडण, काच, रंग, माप. साल सगळ्यांत शेवटी.

तयारी

10 पट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटर दाखवणारं कॅलिपर, बारीक झोताचा पांढरा टॉर्च आणि अतिनील टॉर्च एवढं सामान पुरतं. अतिनील टॉर्च 365 नॅनोमीटरचा घ्या. 395 चा स्वस्त मिळतो, पण तो स्वतःच इतका जांभळा उजेड टाकतो की मंद चमक त्यात बुडून जाते. गोट्या घरंगळू नयेत म्हणून खाली काळं फेल्ट किंवा जाड टॉवेल घाला.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि साध्या साबणाचे दोन थेंब बास. भांड्याच्या तळाशी फडकं घाला, गोट्या एकमेकींवर आपटू देऊ नका. थंड गोटी गरम पाण्यात कधीही टाकू नका. काचेच्या पोटात आधीपासून ताण असेल तर ती तडकते, आणि तडा दिसतो तोवर वेळ निघून गेलेली असते. गोटी पूर्ण कोरडी करूनच तपासायला घ्या. ओल्या किंवा तेल चोळलेल्या गोटीवर बारीक ओरखडे आणि धुरकटपणा दिसत नाही. विकत घेताना गोटी बोटांना तेलकट लागली तर आधी पुसून मागा.

हाताची की यंत्राची?

यंत्र येण्यापूर्वी काचेच्या गोट्यांचं माहेर म्हणजे जर्मनीतल्या थुरिंगियामधलं लाउशा आणि त्याच्या आसपासची गावं. तिथे रंगीत काचेची लांब कांडी ओढून तिचे तुकडे खास कात्रीने तोडत. ही कात्री 1840 च्या दशकाच्या उत्तरार्धातली. प्रत्येक तुकडा दोन्ही टोकांना तुटत असल्याने गोटीवर समोरासमोर दोन खरबरीत, घासलेल्या किंवा वितळवून गुळगुळीत केलेल्या जागा राहतात. त्यांना पॉन्टिल म्हणतात. टोकाची जागा नखाला किंचित खडबडीत लागली आणि आतल्या रंगाच्या दोऱ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत शिस्तीने पिळलेल्या दिसल्या तर गोटी हाताची आहे.

यंत्राच्या गोटीला पॉन्टिल नसतो. तरी तिच्यावर दोन 'टोकं' सापडतात, कारण भट्टीतून येणारी वितळलेल्या काचेची धार कुठेतरी तोडावीच लागते. तोडल्याची ही खूण म्हणजेच शिवण. ती बहुधा गुळगुळीत असते. नखाला लागत नाही, डोळ्याला दिसते.

शिवण शोधायची पद्धत अशी. गोटी अंगठा आणि तर्जनीत धरा, खिडकीचा उजेड तिच्यावर पडू द्या आणि ती अगदी सावकाश फिरवा. रंगाच्या रेषा जिथे अचानक वळतात, चिमटल्यासारख्या एकत्र येतात किंवा पंखांसारख्या फाकतात, तिथे थांबा. आता भिंग लावा. सुरकुतीसारखी एक आखूड रेघ दिसेल, तिच्या दोन्ही बाजूंना रंग आत ओढलेला असेल. तिच्या बरोबर समोर दुसरी शोधा. दोन्ही सापडल्या की गोटीला उत्तर-दक्षिण मिळाली. यापुढचं सगळं वाचन या दोन ध्रुवांच्या आधारे करायचं.

यंत्र काय करत होतं

ओहायोतल्या अ‍ॅक्रन इथल्या मार्टिन ख्रिस्टेन्सन यांच्या यंत्राला 1905 मध्ये पेटंट मिळालं. त्यांचा एम. एफ. ख्रिस्टेन्सन अँड सन हा कारखाना 1903 ते 1917 चालला. स्क्रूच्या आट्यांसारख्या खोबणी असलेले दोन रूळ शेजारी शेजारी फिरतात, गरम काचेचा लोळा त्यांच्यामधल्या खाचेत पडतो, आणि फिरत फिरत पुढे सरकताना गोल होऊन थंडही होतो. गोल करायचं काम यंत्राचं झालं, पण काच अजून माणूसच लोखंडी सळईवर घेई आणि यंत्रावर धरी. दुसरा जण ती कात्रीने तोडे. या हाताच्या टप्प्याने एक देखणी खूण मागे ठेवली: गोटीच्या एका ध्रुवावर काच वळत पडल्याने झालेला 9 या इंग्रजी आकड्यासारखा वळसा, आणि समोरच्या ध्रुवावर कात्रीने तोडलेली शेपटी.

हा नऊचा वळसा काळ ठरवायला फार भरवशाचा आहे. तो स्पष्ट असेल तर गोटी साधारण 1903 ते 1920 च्या दशकाचा मध्य या काळातली धरा. अशा बहुतेक गोट्या 'स्लॅग' प्रकारच्या असतात: पारदर्शक रंगीत काचेत पांढऱ्या अपारदर्शक काचेचे धुरासारखे लोट. निळा, हिरवा, जांभळा आणि मधासारखा तपकिरी हे नेहमीचे रंग. त्यांच्याच जोडीची 'ब्रिक' नावाची गोटी विटेसारख्या गडद लाल काचेची असते आणि तिच्यात काळे किंवा पांढरे लोट असतात.

पुढे भट्टीतून काच आपोआप थेंबाथेंबाने खाली येऊ लागली आणि यांत्रिक कात्री ती तोडू लागली. तेव्हा नऊ गेला आणि दोन्ही टोकांना कात्रीच्या रेघा आल्या. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात अक्रो अ‍ॅगेटने रूळ एकमेकांपासून किंचित सरकवून बसवले. त्यामुळे गोटी एकाच अक्षाभोवती न फिरता सगळीकडून फिरू लागली आणि कात्रीच्या रेघा जवळपास मिटल्या. म्हणून ठळक रेघा असलेली अक्रोची स्लॅग आधीची आणि बिनरेघांची नंतरची, असा अंदाज बांधता येतो.

अक्रो अ‍ॅगेट: पीळ पाहा

अक्रोची सुरुवात 1910-11 च्या सुमारास अ‍ॅक्रनमध्ये झाली, 1914 मध्ये कारखाना वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्गला गेला आणि 1951 मध्ये बंद पडला. या कारखान्याची ओळख पटवणारी एक गोटी शिकून घेतली तरी निम्मं काम होतं. ती म्हणजे कॉर्कस्क्रू.

भट्टीच्या तोंडाखाली फिरणारी वाटी बसवून अक्रोने एकत्र वाहणाऱ्या रंगांना पीळ दिला. त्यामुळे रंगाचा पट्टा एका ध्रुवावर सुरू होतो, गोटीला वेढे घेत उतरतो आणि दुसऱ्या ध्रुवावर संपतो. पट्टे एकमेकांना ओलांडत नाहीत, मध्येच तुटत नाहीत. खात्री करायची असेल तर ध्रुवावर नखाचं टोक ठेवा आणि एकाच पट्ट्यावरून नख न उचलता सरकवत न्या. नख निदान एक पूर्ण फेरा मारून समोरच्या ध्रुवावर पोचलं पाहिजे. वाटेत पट्टा दुसऱ्या रंगात विरला किंवा वळून परत आला, तर ती कॉर्कस्क्रू नाही, स्वर्ल आहे, म्हणजे रंग अनियमित वळसे घेत मिसळलेली गोटी. नवशिके सगळ्यांत जास्त इथे फसतात, कारण एका बाजूने पाहिलं तर चांगली स्वर्लही पिळाची वाटते.

कॉर्कस्क्रू ओळखली की मूळ काच पाहा. मागून टॉर्च लावा. उजेड आरपार गेला आणि आतला पट्टा स्पष्ट दिसला तर काच पारदर्शक, उजेड दुधाळ पसरला तर अर्धपारदर्शक, अडला तर अपारदर्शक. अपारदर्शक पांढऱ्यावर एक रंग ही सर्वांत जास्त आढळणारी जात आहे. स्वच्छ काचेत पांढऱ्या तंतूंचा पिंजारलेला कापूस आणि त्यावर दोन रंगांचे पट्टे असतील, तर तिला संग्राहक 'पॉपाय' म्हणतात. त्यात लाल-पिवळी आणि हिरवी-पिवळी नेहमी सापडतात. निळा किंवा जांभळा असलेल्या जोड्या शोधाव्या लागतात.

अक्रोचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे ऑक्सब्लड, म्हणजे वाळलेल्या रक्ताच्या रंगाची अपारदर्शक काच. कुठल्याही गडद लालाला ऑक्सब्लड म्हणण्याची खोड इतकी पसरली आहे की इथे थोडं थांबायला हवं. भिंगाखाली खरी ऑक्सब्लड गंजासारखी तांबूस दिसते आणि तिच्यात केसाएवढे काळे तंतू असतात. अक्रोमध्ये ती बहुतेक पृष्ठभागावर पट्ट्यासारखी बसलेली असते. टॉर्च लावला तर तिच्यातून उजेड जात नाही. लाल पट्टा टॉर्चसमोर माणकासारखा पेटला, तर तो साधा लाल आहे.

ख्रिस्टेन्सन अ‍ॅगेट आणि पेल्टियर

ख्रिस्टेन्सन अ‍ॅगेट कंपनीचं नाव सारखं असलं तरी मार्टिन ख्रिस्टेन्सन यांच्या कारखान्याशी तिचा संबंध नाही. ती 1925 मध्ये ओहायोतल्या पेन इथे सुरू झाली, 1927 मध्ये केंब्रिजला गेली आणि 1930 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. म्हणजे जेमतेम काही वर्षांचा माल, आणि म्हणूनच एवढी मागणी. तिचे रंग डोळ्यांत भरतात: झगझगीत नारिंगी, पिवळा, निळा. पण पुन्हा, रंगावर थांबू नका. 'फ्लेम' प्रकारात रंगाच्या जिभा एका ध्रुवाकडून वर चढत जाऊन टोकदार होतात. 'गिनी' म्हणजे पारदर्शक, बहुधा निळ्या, मधाळ किंवा बिनरंगी काचेवर अनेक रंगांचे कण विखुरलेली आणि फिरताना ते कण थोडे ताणले गेलेली गोटी. कण पृष्ठभागावर असतील तर गिनी, काचेच्या आतही असतील तर 'कोब्रा'. आज रंगीत चुरा लावून बनवलेल्या हाताच्या गोट्या गिनीसारख्या दिसतात. त्यांच्यावर पॉन्टिल शोधा. खऱ्या गिनीवर तो नसतो.

पेल्टियर ग्लास कंपनी इलिनॉयमधल्या ओटावाची. कुटुंबाचा काचकारखाना 1880 च्या दशकापासून होता, गोट्या 1920 च्या दशकात सुरू झाल्या. तिची 'नॅशनल लाइन रेनबो' ही संग्राहकांची जीव की प्राण गोटी: एका रंगाच्या काचेवर सहसा चार ते सहा पट्टे, आणि ते पट्टे दोन्ही शिवणींकडे ओढले गेलेले. पांढऱ्यावर लाल आणि निळे पट्टे म्हणजे 'लिबर्टी', पांढऱ्यावर लाल आणि हिरवे म्हणजे 'ख्रिसमस ट्री', निळ्यावर लाल आणि पिवळे म्हणजे 'सुपरमॅन'. ही नावं संग्राहकांनी नंतर दिली, कारखान्याने नाही, त्यामुळे नावावरून साल काढू नका. काळ्या किंवा गडद पट्ट्यात भिंगाखाली सोनेरी-हिरव्या अभ्रकासारखे चमचमते कण दिसले तर ते अ‍ॅव्हेंच्युरिन. टॉर्च तिरका धरून गोटी फिरवली तरच ते उजळतात, समोरून धरलेल्या झोतात हरवतात. नंतरच्या रेनबोंमध्ये पट्टे बारीक आणि काच जास्त उजेड सोडणारी होत गेली.

पेल्टियरने 1930 च्या दशकात वृत्तपत्रांतल्या बारा चित्रपात्रांचे चेहरे छापून भाजलेल्या गोट्याही काढल्या. यांच्या नकला भरपूर आहेत. चित्राआधी त्याखालची गोटी तपासा: अस्सल चित्र 'पीअरलेस पॅच' या दोनरंगी पेल्टियर गोटीवर असतं. चित्र व्हिट्रो किंवा मार्बल किंग या दुसऱ्या कारखान्यांच्या किंवा एकरंगी नव्या गोटीवर असेल तर पुढे काही पाहायची गरज नाही.

मार्बल किंग, आणि युद्धानंतरचा माल

मार्बल किंग 1949 मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या सेंट मेरीज इथे सुरू झाली. तिथला कारखाना 1958 मध्ये जळाल्यावर ती पेडन सिटीला गेली. तिची घडण एकदा पाहिली की विसरत नाही: एका ध्रुवावर टोपीसारखा पॅच, म्हणजे रंगाचं ठिगळ, मधोमध दुसऱ्या रंगाचा कंबरपट्टा, समोरच्या ध्रुवावर पुन्हा टोपी. पिवळा-काळा म्हणजे बंबलबी, लाल-काळा वास्प, निळा-पिवळा कब स्काउट, लाल-निळा स्पायडरमॅन, लाल-हिरवा वॉटरमेलन. शेवटच्या दोन दुर्मीळ. बऱ्याच मार्बल किंग गोट्यांत रंग फक्त वरच्या पातळ सालीत असतो आणि आत वेगळी काच असते. टवका उडालेल्या जागी भिंग लावा. साल आणि गाभा वेगळे दिसले तर हा मोठा पुरावा आहे. पेल्टियरच्या पिवळ्या-काळ्या गोटीशी होणारा गोंधळही इथेच सुटतो, कारण पेल्टियरचे पट्टे अनेक आणि सुटे असतात, कंबरपट्टा नसतो.

मास्टर मार्बल अक्रोतून बाहेर पडलेल्यांनी 1930 मध्ये काढली. 1941 पासून 1973 पर्यंत तोच वारसा मास्टर ग्लासने चालवला. पॅचच्या कडेला शिवणीपाशी पिसासारखी विखुरलेली किनार ही तिची खूण. व्हिट्रो अ‍ॅगेट पार्कर्सबर्गची, 1932 पासून. तिच्या पॅचमध्ये रंगाची साल पातळ असते आणि अनेकदा इंग्रजी व्ही आकाराची खाच दिसते.

अ‍ॅली, रेव्हन्सवुड, चॅम्पियन, हीटन, कैरो नॉव्हेल्टी हे सगळे वेस्ट व्हर्जिनियातले, सगळ्यांचा मुख्य माल स्वर्ल. यांच्यात यंत्रं, काच आणि कारागीर इकडून तिकडे जात राहिले. एकटीदुकटी स्वर्ल घेऊन 'ही चॅम्पियनचीच' असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. 'वेस्ट व्हर्जिनिया स्वर्ल' एवढं लिहिणं जास्त प्रामाणिक आहे. कारखान्याच्या जागेवर खणून निघालेल्या गोट्यांशी रंगासकट ताडून पाहता आलं, तरच पुढचं नाव लावा.

मांजरडोळा हा काळाचा पक्का दगड

स्वच्छ काचेच्या पोटात रंगीत पाकळ्या असलेली कॅट्स-आय गोटी सगळ्यांनी पाहिलेली असते, आणि जुनी म्हणून सर्वांत जास्त तीच दाखवली जाते. या गोट्या जपानमधून अमेरिकेत युद्धानंतर, 1950 च्या आसपास येऊ लागल्या. त्यांनी तिथला बाजार इतका खाल्ला की अमेरिकी कारखान्यांनाही त्या बनवाव्या लागल्या. मार्बल किंगने 1955 मध्ये सुरुवात केली. अक्रो त्याआधीच बंद पडली होती. म्हणजे अक्रोच्या डब्यात कॅट्स-आय सापडली तर डबा नंतर भरलेला आहे, मग विकणारा काहीही म्हणो.

जपानी कॅट्स-आयची काच बाटलीसारखी हिरवट असते. पांढऱ्या कागदावर ठेवून शेजारी खात्रीची बिनरंगी गोटी ठेवली की छटा लगेच कळते. आत बहुतेक चार पाकळ्या फुलीसारख्या असतात. पेल्टियरची एकच जाड पाकळी असते, तिला 'बनाना' म्हणतात. व्हिट्रोच्या पाकळ्या पिंजऱ्याच्या सळ्यांसारख्या भिंतीलगत उभ्या राहतात.

अतिनील उजेड काय सांगतो आणि काय नाही

युरेनियम मिसळलेली काच 365 च्या झोतात झगझगीत हिरवी पेटते. अक्रोच्या 'लेमोनेड' वगैरे काही प्रकारांत ही चमक अपेक्षित असते, तिथे ती उपयोगी पुरावा ठरते. पण 'चमकते म्हणजे जुनी' हा नियम खोटा आहे. आजही अशी काच बनते. मँगेनीजमुळेही काच मंद हिरवट चमकते. चमक नोंदवून ठेवा, तिच्यावर एकटीवर निकाल देऊ नका.

माप, झीज आणि पॉलिश

कॅलिपर तीन दिशांनी लावा, कारण जुन्या गोट्या पूर्ण गोल नसतात. अमेरिकेत सर्वांत जास्त खपलेलं माप 5/8 इंच, म्हणजे सुमारे 16 मिलिमीटर. 3/4 इंच (19 मिलिमीटर) आणि त्यापुढच्या गोट्या नेम मारायच्या. त्या कमी बनल्या. पूर्ण इंचाची, 25 मिलिमीटरची, युद्धापूर्वीची गोटी समोर आली तर ओळख दोनदा तपासा.

इजा वाचताना तीन गोष्टी वेगळ्या करा. पृष्ठभागाखाली चंद्रकोरीसारखा चमकणारा डाग म्हणजे आपटल्याची खूण. तिथे नख अडकत नाही. टवक्यात काच निघून गेलेली असते आणि कड धारदार लागते. सुरकुती, बुडबुड्याचा फुटका खळगा किंवा थंड रुळाचा चट्टा हे मात्र बनतानाचे असतात, त्यांच्या कडा वितळून गोल झालेल्या असतात. संग्राहक दहापैकी गुण देतात: 9 आणि वर मिंट, 8 ते 8.9 निअर मिंट, 7 ते 7.9 गुड, त्याखाली केवळ संग्रहापुरती. झीज वय सांगत नाही. पेटीत राहिलेली 1928 ची गोटी कालची वाटते आणि मातीत खेळलेली 1975 ची शंभर वर्षांची.

पॉलिश केलेली गोटी ओळखणं यापेक्षा महत्त्वाचं, कारण पॉलिशने किंमत बरीच उतरते आणि शिवणच पुसली जाते. खिडकीचं प्रतिबिंब गोटीवर पाडा. मूळ पृष्ठभागावर ते किंचित हलतं, कारण रुळांवर थंड झालेल्या काचेत बारीक लहरी असतात. पॉलिशवर ते आरशासारखं सपाट दिसतं. मग भिंग: पट्ट्यांच्या कडा कापल्यासारख्या, शिवणीची रेघ मध्येच गायब, आणि जुन्या खळग्यांच्या तळाशी पांढरी पूड अडकलेली. यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर ती पॉलिश केलेली समजा.

बिनरंगी किंवा फिकट हिरव्या, एकसारख्या गोट्यांचा ढीग मिळाला तर तो खेळण्यांचा नसण्याचीच शक्यता जास्त. फायबरग्लास बनवायला वितळवण्यासाठी अशा गोट्या कारखान्यांना पुरवल्या जात, आणि रेल्वेमार्गांच्या कडेला त्या आजही सापडतात. हायरम कॉड यांनी 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या सोड्याच्या बाटलीच्या गळ्यातली गोटीही अशीच असते.

नोंद कशी करावी

प्रत्येक गोटीचे किमान चार फोटो घ्या: दोन्ही ध्रुवांचे, एका बाजूचा आणि मागून उजेड देऊन एक. नोंदीत माप, काच कोणती (पारदर्शक, अर्धपारदर्शक की अपारदर्शक), शिवणी किती, रंगांची मांडणी, अतिनील प्रतिसाद आणि इजा हे लिहा. साल एकच लिहू नका, टप्पा लिहा. उदाहरणार्थ, 16 मिलिमीटर, अपारदर्शक पांढऱ्यावर लाल पीळ, ध्रुव ते ध्रुव अखंड, शिवण जवळपास अदृश्य: अक्रो कॉर्कस्क्रू, 1920 च्या दशकाचा उत्तरार्ध ते 1951. कारखान्याची खात्री नसेल तर त्या रकान्यात प्रश्नचिन्ह टाका आणि का टाकलं ते शेजारी लिहा: 'एकच शिवण सापडली', 'ध्रुवावर टवका असल्याने वळसा वाचता येत नाही'. पुढे तशीच दुसरी, न फुटलेली गोटी हाती आली की नेमकी कुठे नजर टाकायची ते त्या ओळीवरून कळेल.